उजेड बघायला गावोगाव

मी बडोद्याला लग्नकार्यांची रोषणाई करते. नवीन काम आलं की पहिली भेट ठरल्यासारखी होते. पार्टी येते, चहा होतो, मग मोबाइल पुढे सरकतो आणि वाक्य येतं, "आम्हाला असं हवं." फोटोत मागे भलामोठा एलईडी पडदा, वरून सोडलेल्या माळा, जांभळा उजेड आणि थोडा धूर. सुरतेच्या पार्टीकडे तोच फोटो, इंदूरच्या पार्टीकडेही तोच. त्यात त्यांचा काही दोष नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर तेच येत असतं.

म्हणून वर्षातून दोनतीनदा तरी मी बॅग भरते. घरचे म्हणतात ट्रिप, मी म्हणते अभ्यास. खरं दोन्ही असतं. फक्त माझी बघण्याची रीत थोडी विचित्र आहे. सगळे दिव्यांकडे बघत असतात तेव्हा मी पाठ फिरवून माणसांकडे बघते. त्यांच्या तोंडावर उजेड कुठून आलाय, डोळ्यांखाली सावली पडलीय का, पिवळ्या साडीचा पिवळेपणा टिकलाय का, कोणी डोळे बारीक करून बसलंय का. मागच्या वर्षी मात्र या बघण्याला एक ठरलेलं कारण मिळालं.

ते कारण म्हणजे माझी मामी. वय पंचाहत्तर. तिला डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. बाजूचं दिसतं, पण नेमकं समोर बघावं तिथेच पुसट होतं. डोळ्यांवर प्रखर दिवा आला तर सगळंच पांढरं. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका रिसेप्शनला गेलो होतो. स्टेजच्या मागे तो पडदा, समोरून फिरणारे झोत. मामी दोन तास डोळे मिटून बसली. लोक येऊन पाया पडत होते आणि ती प्रत्येकाला विचारत होती, "कोण गं तू?" घरी येताना गाडीत म्हणाली, "पुढच्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. लायटिंग तूच करणार ना? मग एवढं कर, मला माणसं दिसू देत."

डॉक्टरांकडून मला एवढं कळलं होतं की अशा पेशंटला उजेड कमी नको, उलट भरपूर हवा. पण तो बघायच्या वस्तूवर हवा, डोळ्यांत नको. आणि अंधारातून उजेडात गेल्यावर त्यांच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. हे ऐकायला सोपं आहे. समारंभात ते बसवायचं कसं, हे मला केरळात दिसलं.

जानेवारीत आम्ही त्रिशूरच्या बाजूला गेलो होतो. कथकली मी आधी कोचीला पाहिलेली, पर्यटकांसाठी तासाभराची, वर ट्यूबलाइट आणि खाली शोभेला समई. त्या पांढऱ्या उजेडात नटाचा हिरवा चेहरा प्लॅस्टिकच्या मुखवट्यासारखा वाटला होता. या वेळी गावातल्या एका छोट्या कार्यक्रमात आयोजकांनी शेवटच्या प्रसंगाला विजेचे सगळे दिवे बंद केले. उरला तो फक्त रंगमंचाच्या पुढे मधोमध ठेवलेला कांस्याचा मोठा दिवा, खोबरेल तेलाचा. त्याला 'कळीविळक्कु' म्हणतात. त्याला दोन जाड वाती असतात. एक नटाच्या बाजूला, एक प्रेक्षकांच्या. कूडियाट्टममध्ये, म्हणजे संस्कृत नाटकाच्या तिथल्या जुन्या परंपरेत, तीन वाती असतात. दोन नटांकडे, एक आपल्याकडे.

मी तिथेच वहीत लिहून घेतलं: जास्त उजेड ज्याला बघायचंय त्याच्यावर, थोडा बघणाऱ्यावर.

दिवे गेल्यावर तो हिरवा रंग बदलला. ज्योतीच्या पिवळ्या, किंचित हलत्या उजेडात तो चेहऱ्याचाच रंग वाटायला लागला. गालांच्या कडेने हनुवटीपर्यंत नट एक पांढरी झालर लावतात, तिला 'चुट्टी' म्हणतात. पूर्वी ती तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची असे, आता बहुधा कागदाची असते. दिवसा ती मला नुसती सजावट वाटली होती. रात्री तिचं काम कळलं. ती खालून आलेला उजेड अडवते आणि चेहऱ्याला चौकट देते, त्यामुळे लांबूनही भुवयांची हालचाल सुटत नाही. नट डोळ्यांत एका झाडाची बारीकशी बी घालून पांढरा भाग लाल करतात, तेही याचसाठी. मुकुटात आरशांचे तुकडे, सोनेरी रंग. सगळा वेश एका दिव्याला धरून बेतलेला. मोठा क्षण आला की नट दिव्याच्या जवळ येतो, त्याला कोणी झोत मारावा लागत नाही.

आमच्या धंद्यात नेमकं उलट चालतं. कपडे एक जण ठरवतो, मेकअप दुसरा, स्टेज तिसरा आणि शेवटच्या दिवशी दुपारी आम्हाला बोलावून सांगतात, "आता लाइट मारा." मग हळदीच्या कार्यक्रमात निळसर पांढरे दिवे लागतात, हळद हिरवट दिसते आणि नवरीची आई विचारते, फोटो असे का आले!

त्याच भागात पालक्काड, त्रिशूर, मलप्पुरम जिल्ह्यांत भद्रकालीच्या देवळांपाशी तोलपावकूत्तु होतं. म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचं रामायण. लांबलचक पांढरा पडदा आणि त्यामागे ओळीने एकवीस दिवे. बाहुली दिवा आणि पडदा यांच्यामध्ये धरली की समोर तिची काळी आकृती उमटते. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने ही छायाबाहुल्यांची कला अजून जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीला मी पूर्वी जाऊन आले होते, पण पुढचा विचार तेव्हा सुचला नव्हता. त्या रिसेप्शनला मामीच्या समोर हेच तर झालं होतं! पाठीमागे झगझगीत पडदा, पुढे माणूस, आणि माणसाची झाली बाहुली. चांगल्या डोळ्यांना ते चालून जातं. मामीला फक्त हलणाऱ्या सावल्या दिसत होत्या.

केरळातून आम्ही वायनाडच्या घाटाने म्हैसूरला उतरलो, मुद्दाम रविवार गाठून. रविवारी आणि सणाच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावर थोडा वेळ दिवे लावतात, दसऱ्यात रोज. १८९७ साली जुना वाडा जळाला, हा १९१२ मध्ये पुरा झाला. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ मध्येच वीज तयार होऊ लागली होती, त्यामुळे विजेची हौस या राज्याला तशी लवकरच लागलेली. बल्ब जवळपास एक लाख, सत्त्याण्णव हजार असा आकडा सांगतात. पण आकड्यापेक्षा मला आवडलं ते हे की भिंतीवर कुठूनही झोत टाकलेला नाही. प्रत्येक कमान, प्रत्येक घुमट, प्रत्येक कड यांवर फक्त ठिपक्यांची रेघ. दिवे लागतात त्या क्षणी गर्दीतून एक "आहा" येतो, आणि मागे वळून पाहिलं तर हजारो चेहरे मऊ पिवळे झालेले असतात. एवढे दिवे असून एकही डोळ्याला टोचत नाही. उजेड खूप ठिकाणी वाटला गेला की तो टोचत नाही, इतकी साधी गोष्ट. आमच्या लेकीने मात्र अर्धा वेळ मैसूरपाकाच्या दुकानाकडे लक्ष ठेवलं होतं, तेही नोंदवून ठेवते.

आमेरचा शीशमहाल मार्चमध्ये पाहिला. एका लग्नाच्या कामाला जयपूरला गेले होते, दोन तास काढले. पहिला मिर्झाराजे जयसिंग, म्हणजे पुरंदरच्या तहामुळे आपल्या ओळखीचे, त्यांच्या काळातलं सतराव्या शतकातलं हे काम. गाइड सांगतात, एक मेणबत्ती लावली की छतभर तारे दिसायचे. आत दिवा लावू देत नाहीत, ते मोबाइलचा टॉर्च फिरवून दाखवतात. पर्यटक फोटो काढून पुढे जातात. मी मात्र एकेक तुकडा जवळून पाहत उभी राहिले. ते आरसे सपाट नाहीत, थोडे फुगीर आहेत. सपाट आरसा उजेड एका दिशेला फेकतो, तुम्ही बरोबर त्या जागी असाल तरच चमक दिसते. फुगीर तुकडा मात्र कुठूनही बघा, ज्योतीचं एक बारीक प्रतिबिंब दाखवतोच. म्हणून चाललं की तारे आपल्याबरोबर चालतात.

बडोद्याला परत आल्यावर आईच्या पेटीतलं जुनं कच्छी तोरण काढलं. त्यातली आरशांची जुनी काच फुगा करून फुंकलेली, मग तुकडे कापलेली, त्यामुळे तीही जराशी वाकडी. शेजारी निरांजन धरलं. तेच तारे! घरात वर्षानुवर्षं होतं ते तोरण, आणि ते कळायला जयपूरला जाऊन यावं लागलं.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो चंदननगरला. नोव्हेंबरात, जगद्धात्री पूजेच्या वेळी. हावड्याहून लोकलने तासाभराचा रस्ता, हुगळीच्या काठावर गाव. १९५० पर्यंत इथे फ्रेंचांचा अंमल होता. नदीकाठचा रुंद रस्ता बघून ते लक्षात येतं. बंगालमध्ये दुर्गापूजा आटोपली की महिन्याभराने, कार्तिकात, हे गाव उजळतं. रोषणाईच्या धंद्यातल्या माणसाने चंदननगर पाहिलेलं नसेल तर त्याला काय म्हणावं, पंढरी न पाहिलेला वारकरीच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मजली उंच चौकटी, त्यांवर दिव्यांची चित्रं, आणि चित्रं हलतात. मोर पिसारा फुलवतो, आगगाडी पुलावरून जाते, मासा उडी मारून परत पाण्यात पडतो. खरं तर एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि आपला डोळा मधली जागा भरून काढतो. ही कला नावारूपाला आणणाऱ्यांत श्रीधर दास यांचं नाव मोठं आहे.

एका गल्लीत कारखाना होता, म्हणजे एक खोली आणि अंगण. तिथल्या वयस्क कारागिरांना मी दादा म्हणत, मोडक्या हिंदीत विचारत बसले. त्यांनी माळ्यावरून एक जुना रोलर काढून दाखवला. लाकडाचं लाटण्यासारखं पण जाडजूड नळकांडं, त्यावर पितळी पत्र्याच्या लांबआखूड पट्ट्या. मोटर ते फिरवते, वर टेकलेल्या पत्र्यांना पट्टी लागली की ती ती माळ पेटते, पट्टी सरली की विझते. पट्टी किती लांब ठेवायची यावर मोराचा तोरा ठरायचा. दिवे तेव्हा 'टुनी', सव्वासहा व्होल्टच्या आसपासचे चिमुकले बल्ब. घरातल्या २३० व्होल्टवर लावायचे तर एका माळेत सदतीसेक हवेत, आणि त्यातला एक गेला की सगळी माळ गेली. मग रात्री शिडीवर चढून एकेक तपासत बसायचं. रंगासाठी प्रत्येक बल्बला रंगीत जिलेटिनचा कागद गुंडाळायचा.

आता एलईडी आले. वीज कमी लागते, बल्ब गरम होत नाहीत, पोरांना शिडीवर रात्र काढावी लागत नाही. रोलरच्या जागी चिप आली. दादांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, मीच उगाच हळहळत होते. त्यांना काळजी होती ती वेगळीच. तयार नक्षी भरलेले पत्रे बाजारात मिळतात, ते कोणीही लावू शकतो, मग चित्र काढणाऱ्याला विचारणार कोण? अंगणात दोन बायका जाळीच्या छिद्रांत एलईडी खोचत होत्या, खडूने काढलेल्या रेघेवर. ती रेघ दादांच्या हातची होती. एका बगळ्याच्या मानेसाठी त्यांनी तीन वेळा खडू पुसला.

मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लोकांना दिवे भराभर पळायला हवे असतात. ते हसले. वेग कमी करून त्यांनी मला एक चक्र दाखवलं. एकदोन ठिकाणी मध्ये सगळंच काळं होत होतं, अर्धा क्षण. तो काळा अर्धा क्षण काढून टाकला तर बगळा उडत नाही, नुसता थरथरतो. मग त्यांनी हातावर जलभरा संदेश ठेवला. चावलं की आतून गुलाबपाण्याचा पाक येतो, सावध असाल तरच साडी वाचते.

डिसेंबरात मामा-मामींचा कार्यक्रम झाला तो जुन्या बडोद्यातल्या त्यांच्याच घरी. साठ माणसं, पुढे ओटा, आत चौक. आमचा इलेक्ट्रिशियन गुजराती, वीस वर्षं बरोबर आहे. यादी बघून म्हणाला, "बेन, आटलुंज?" एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

मामीच्या खुर्चीमागे गडद हिरवं कापड लावलं, पडदाबिडदा काही नाही. खुर्चीपासून चार फुटांवर जमिनीवर रांगोळीची पांढरी रेघ. भेटायला येणाऱ्याने तिथे उभं राहायचं. मामीच्या दोन्ही खांद्यांच्या मागून, डोक्याच्या वरच्या उंचीवरून, दोन दिवे त्या जागेवर तिरपे सोडले, मलमलचं कापड बांधून मऊ केलेले. म्हणजे जाड वात पाहुण्यांच्या तोंडावर. मामीवर दुसरा एक मंद दिवा, बाजूने. तिच्या नजरेच्या टप्प्यात उघडा बल्ब एकही नाही. सगळे दिवे एकाच पिवळसर जातीचे, बाजारात २७०० केल्व्हिन लिहिलेले मिळतात ते. चौकाच्या कमानींना म्हैसूरसारखी ठिपक्यांची बारीक कड. आईचं तोरण दारावर, खाली निरांजनं. ओट्यावरून आत येताना उजेड एकदम बदलू नये म्हणून मधल्या बोळात मध्यम दिवे, आणि पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी. ही पट्टी मामीसाठी केली होती, पण तिचा उपयोग सगळ्यांच्याच सासवांना झाला.

आणि मागच्या भिंतीवर एक चंदननगर. मामा लग्नानंतर मामीला ज्या स्कूटरवरून फिरवायचा, तिचं चित्र काळ्या फळीवर खडूने काढलं आणि त्यावर पिवळे एलईडी बसवले. चाकांच्या आऱ्या तीन टप्प्यांत फिरतात, आणि मागे बसलेल्या बाईचा पदर उडतो. वेग संथ ठेवला, मध्ये तो अर्धा क्षण काळा. काळ्यावर ठळक ठिपके असल्यामुळे मामीला मान जरा वळवून ते दिसलं. बराच वेळ बघून म्हणाली, "पदर एवढा कधी उडाला नाही. मी घट्ट खोचून बसायचे." मामा लाजला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सगळेच ओळखू आले असं नाही. काहींना तिने आवाजावरून ओळखलं, काहींना उगाच "हो हो" केलं. पण नागपूरहून आलेली तिची धाकटी बहीण त्या पांढऱ्या रेघेवर उभी राहिली तेव्हा मामीने मान तिरकी केली, थोडी पुढे झुकली आणि म्हणाली, "अगं, तुझे केस सगळे पांढरे झाले की! फोनवर बोलली नाहीस कधी." त्यानंतर दोघी अर्धा तास हलल्या नाहीत आणि रेघेमागे ही रांग लागली. रांग हलवायचं काम माझं नव्हतं.

एक गोष्ट प्रवासाला निघणाऱ्यांसाठी. आपल्या घरच्या कार्याला काही सुचावं म्हणून कुठे बघणार असाल, तर दिवे लागायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा. दिवसाचा उजेड जाऊन रात्रीचा येतो तो वेळच खरा बघायचा असतो, आणि तेव्हा बहुतेक लोक चहाच्या टपरीवर असतात. मोबाइलचा कॅमेरा अंधार आपोआप उजळून दाखवतो, म्हणून फोटोवर विसंबू नका. दोन ओळी लिहा: उजेड कुठून येत होता, आणि माणसं कशी दिसत होती. भंडारदरा, पुरुषवाडीकडे मे-जूनमध्ये काजवे बघायला जाल तर टॉर्च मात्र बंदच ठेवा. तिथे आपला दिवा हा पाहुणा नसतो, घुसखोर असतो.

पुढचा बेत कोल्हापूरचा आहे. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. शतकांपूर्वी कोणीतरी दार, अंतर आणि सूर्य यांचा मेळ घातला, आणि दिवा एकही लावला नाही. आभाळात ढग असले तर दिसत नाही, म्हणून मामा आत्तापासून हवामानाची चौकशी करतोय. मामीला विचारलं, एवढी गर्दी असेल, तुला जमेल का? म्हणाली, "ऊन पिवळं असतं ना गं संध्याकाळचं? मग मला चालतं." तिकिटं चौघांची काढली आहेत.